बाळाला ऐकू येते का? बारशाच्या आधी विचारायचा प्रश्न

बारशाला आत्या पाळण्याजवळ वाकते, बाळाच्या कानात ‘कुर्र’ करते आणि नाव सांगते. आपल्या घरांतून पंचांग गेले, विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन नामकरण होऊ लागले; पण आत्याने कानात नाव सांगण्याची पद्धत अनेक घरांनी हौसेने टिकवली आहे. नाव सांगून झाले की टाळ्या होतात, पेढे वाटले जातात. ते नाव बाळाला ऐकू गेले का, हे मात्र कोणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारायला हवा. दर हजार जन्मांमागे एक ते तीन बाळांना जन्मतःच दोन्ही कानांनी कमी ऐकू येते किंवा अजिबात ऐकू येत नाही. कबनूरसारख्या गावासाठी साधा हिशेब करू. चाळीस हजार वस्ती धरली आणि हजारी पंधरा जन्म धरले, तर वर्षाला सहाशे बाळे जन्मतात. म्हणजे दर वर्षी एखादे, कधी दोन बाळे अशी असू शकतात. इचलकरंजी आणि भोवतालची सगळी गावे धरली तर संख्या बरीच वाढते. ही मुले आपल्याच गल्लीत, आपल्याच वसाहतीत वाढतात. आपल्याला ती दिसतात उशिरा, म्हणजे अडीच-तीन वर्षांची झाल्यावर, जेव्हा आजी म्हणते, “अजून बोलत कसं नाही?”

तेव्हा उशीर झालेला असतो. तो का, हे नीट समजून घेऊ.

‘मुका’ कोणी जन्मत नाही

ज्याला आपण ‘मुका’ म्हणतो, त्या मुलाचा घसा, जीभ, स्वरयंत्र हे सगळे बहुतेक वेळा ठीक असते. मूल भाषा ऐकून शिकते. ऐकूच आले नाही तर बोलणे येणार कुठून? म्हणजे मुकेपण हा वेगळा आजार नाही, तो न सापडलेल्या बहिरेपणाचा परिणाम आहे.

आतला कान आईच्या पोटातच तयार होतो आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आवाज ऐकू लागते. जन्मल्यानंतरची पहिली तीन वर्षे मेंदू भाषेसाठी सर्वांत जास्त मोकळा असतो. या काळात आवाज किंवा खुणांची भाषा, यांपैकी काहीच मेंदूपर्यंत पोहोचले नाही, तर भाषेची जागा तशीच पडून राहते आणि नंतर ती भरून काढणे फार अवघड जाते. अमेरिकेतील कोलोरॅडो येथे क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी १५० कर्णबधिर मुलांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. ज्यांचे बहिरेपण सहा महिन्यांच्या आत सापडले आणि लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा सापडलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. मुलगा की मुलगी, आई-वडिलांचे शिक्षण किती, बहिरेपण किती तीव्र, या कशानेही हा फरक पुसला गेला नाही.

यातूनच जगभर एक सोपे वेळापत्रक मानले जाते: एक, तीन, सहा. पहिल्या महिन्याच्या आत कानाची प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार आणि शिकवणे सुरू. कार्यकर्त्याने निदान हे तीन आकडे तरी पाठ करावेत.

थाळी वाजवून का कळत नाही

घरोघरी एक परीक्षा चालते. बाळाच्या मागे थाळी वाजवायची, दार आपटायचे. बाळ दचकले की ‘ऐकू येतं बघ’. ही परीक्षा फसवी आहे. थाळीचा मोठा आवाज अर्धवट बहिऱ्या बाळालाही येतो, पण तेवढ्याने बोलण्यातले ‘स’, ‘क’, ‘त’ असे हळू आवाज येतातच असे नाही. शिवाय दार आपटले की हवा हलते, जमीन थरथरते, सावली पडते. बाळ त्यानेही दचकते.

दुसरी फसवणूक बाळ स्वतः करते. पूर्ण बहिरे बाळही रडते, हसते, पहिले काही महिने ‘आऽऽ, ऊऽऽ’ असे आवाज काढते. सहा महिन्यांनंतर ऐकणाऱ्या बाळाचे बोबडे बोल वाढत जातात आणि बहिऱ्या बाळाचे हळूहळू कमी होतात. तोवर आई-वडिलांना शंका येण्याचे कारणच नसते.

आपल्या भागात तिसरी फसवणूक आहे, ती मागांची. कबनूर-इचलकरंजीत कित्येक घरांची भिंत मागाच्या शेडला लागून आहे. दिवस-रात्र खडखडाट चालू असतो आणि त्यात बाळ शांत झोपते. घरचे कौतुकाने म्हणतात, “मागाची सवय झाली त्याला.” बहुतेक बाळांच्या बाबतीत ते खरेही असते. पण एखादे बाळ सवयीने झोपलेले नसते, त्याला तो आवाजच येत नसतो. या दोघांत फरक करण्याचे साधन आपल्या डोळ्यांकडे नाही. त्यासाठी यंत्रच लागते.

तपासणी कशी होते

पहिल्या तपासणीला सर्वसाधारणपणे ‘ओएई’ म्हणतात. बाळ झोपलेले असताना कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवतात. तिच्यातून बारीक ‘टिक-टिक’ आवाज सोडतात. आतला कान निरोगी असेल तर त्यातील सूक्ष्म केसपेशी हलतात आणि एक अतिशय मंद प्रतिसाद उलट बाहेर येतो. नळीतला मायक्रोफोन तो टिपतो. कानातून असा आवाज बाहेर येतो, हे १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी प्रथम दाखवले. सुई नाही, रक्त नाही, भूल नाही. बाळ शांत असेल तर काही मिनिटांत दोन्ही कान होतात.

दुसरी तपासणी ‘एबीआर’ किंवा आपल्याकडे जास्त ओळखीचे नाव ‘बेरा’. यात बाळाच्या कपाळावर आणि कानामागे चिकटपट्ट्या लावून, आवाज कानातून नसेमार्फत मेंदूकडे पोहोचतो का ते पाहतात. ओएई फक्त आतल्या कानापर्यंतचे सांगते, नसेतला दोष तिला कळत नाही. म्हणून जी बाळे काचेच्या पेटीत किंवा अतिदक्षता विभागात पाच दिवसांपेक्षा जास्त राहिली आहेत, त्यांना ओएई पुरेशी नाही. त्यांना एबीआर तपासणी लागतेच.

निकाल दोनच प्रकारचे येतात: ‘पास’ किंवा ‘रेफर’. ‘रेफर’ म्हणजे ‘बहिरा’ नव्हे, हे घरच्यांना पहिल्यांदा सांगा. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कानात गर्भातला चिकट थर किंवा पाणी असू शकते, बाळ रडत असते, खोलीत गोंगाट असतो. त्यामुळे अनेक निरोगी बाळांचाही पहिला निकाल ‘रेफर’ येतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासले की त्यांतली बहुतेक पास होतात. पण दुसऱ्यांदाही ‘रेफर’ आले, तर तीन महिन्यांच्या आत सविस्तर बेरा करून घेणे टाळू नये.

आणि ‘पास’ म्हणजे जन्मभराची हमी नव्हे. काहींचे ऐकणे नंतर कमी होते. मेंदूज्वर, वारंवार फुटणारा कान, काही औषधे ही त्याची कारणे असू शकतात. वर्षाचे मूल नावाला वळून बघत नसेल, दीड वर्षात चार-दोन शब्द बोलत नसेल, तर जन्मवेळचा ‘पास’चा कागद बाजूला ठेवून पुन्हा तपासावे.

कोणत्या बाळांना जास्त धोका

वेळेआधी जन्मलेले, दीड किलोपेक्षा कमी वजनाचे, रक्त बदलावे लागेल इतकी तीव्र कावीळ झालेले, मेंदूज्वर झालेले, जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी इंजेक्शने बरेच दिवस घ्यावी लागलेले, गर्भारपणात आईला रुबेला झालेला, घराण्यात जन्मतः बहिरेपण असलेले, कानाची किंवा चेहऱ्याची ठेवण जन्मतः वेगळी असलेले, अशा सगळ्या बाळांना धोका जास्त असतो. पण जन्मतः बहिऱ्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये यांतले एकही कारण आढळत नाही. म्हणून ‘धोक्याचीच बाळे तपासू’ हा मार्ग अपुरा आहे. तपासणी प्रत्येक बाळाची हवी.

काही बहिरेपण टाळताही येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांमधील सुमारे ६० टक्के बहिरेपण टाळता येण्यासारख्या कारणांमुळे येते. गोवर-रुबेलाची लस बाळाला ९ ते १२ महिन्यांत आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत मिळते. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून तिची मोठी मोहीम झाली, तेव्हा अफवांमुळे काही पालकांनी मुलांना लस दिली नव्हती. आज ज्या मुलीला ही लस मिळते, तिचे उद्याचे बाळ रुबेलामुळे बहिरे होण्यापासून वाचते. बाळाच्या कानात तेल घालणे, काडी घालणे, कोणाकडूनही इंजेक्शन घेणे, हेही थांबवायला हवे.

दोष कोणाचा?

या जागी आपल्याला आरोग्याबरोबर विचारांचेही काम करावे लागते.

बहिरे मूल झाले की पहिले बोट सुनेकडे जाते. विज्ञान काय सांगते? आनुवंशिक बहिरेपणाच्या बहुतेक प्रकारांत आई आणि वडील दोघेही ऐकणारे असतात, पण दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असते. बाळाला दोन्हींकडून सदोष प्रत मिळाली तरच बहिरेपण येते. प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता चारात एक असते. म्हणजे जबाबदारी म्हणायची तर दोघांची सारखी, आणि दोष म्हणायचा तर कोणाचाच नाही. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्नाची रीत आपल्या समाजातही आहे. एकाच रक्ताच्या घरांत तीच सदोष प्रत दोन्हीकडे असण्याची शक्यता वाढते. लग्न जुळवताना हे मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे, आणि झालेल्या लग्नावरून कोणाला टोमणे मारायचे काही कारण नाही.

दुसरे बोट ‘मागच्या जन्मीच्या कर्मा’कडे जाते. धम्मदीक्षेला इतकी वर्षे झाली तरी हे वाक्य आपल्या घरांतून पुरते गेलेले नाही. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात भगवान बुद्धांना नेमके हेच विचारले आहे: माणूस जे काही सुख-दुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच का? बुद्धांनी हे मत नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, इजा अशी कारणे त्यांनी एकेक करून सांगितली आणि सगळ्याचे खापर पूर्वकर्मावर फोडणारे प्रत्यक्ष अनुभवाच्याही पलीकडे जातात, असे सांगितले. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळू देतो म्हणून फेटाळला. कारण शोधा, ते दूर करा, ही धम्माची रीत आहे. कानाची तपासणी ही त्याच रीतीची गोष्ट आहे: ‘एहिपस्सिको’, या आणि स्वतः पाहा.

हक्क काय आहेत

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीचा हा कार्यक्रम आहे. त्यातील जन्मतः दोषांच्या यादीत जन्मजात बहिरेपण स्पष्टपणे आहे. सरकारी प्रसूतिगृहात जन्मलेल्या बाळाची तपासणी तिथल्या कर्मचाऱ्यांनी, घरी आलेल्या बाळाची पाहणी आशाताईंनी सहा आठवड्यांपर्यंतच्या भेटींत, आणि पुढे अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा फिरत्या पथकाने करावी, अशी त्याची रचना आहे. संशय आलेल्या मुलासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे.

त्याआधी, २००७ मध्ये, बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २५ नुसार सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करणे ही सरकार आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. ही कोणाची मेहरबानी नाही, कायदा आहे.

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे यंत्र. त्याचा खर्च लाखांत जातो. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबातील लहान मुलांना ते मिळू शकते. मुंबईतील वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था हे काम पाहते. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी या योजनेत एक ते पाच वर्षे ही वयाची अट आहे. आता लक्षात घ्या, तीन वर्षांनी शंका आली, चौथ्या वर्षी निदान झाले, तर अर्ज-कागदपत्रे करेपर्यंत दार बंद होते. उशिराचा दंड गरिबाला असा दुप्पट बसतो.

प्रत्येक बाळाला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. अनेकांना श्रवणयंत्र पुरते आणि ते काही महिन्यांच्या बाळालाही बसवता येते. पण यंत्र बसवले म्हणजे काम संपले असे समजू नका. पुढे महिनोन् महिने ऐकायला-बोलायला शिकवावे लागते, घरच्यांनी सतत बोलावे लागते. आणि ज्यांना यंत्राचा उपयोग होत नाही त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण, समृद्ध भाषा आहे. २०१६ च्या अधिनियमाने तिला मान्यता दिली आहे. मुलाला भाषा मिळणे महत्त्वाचे, ती ओठांची असो वा हातांची. बहिऱ्या माणसाला दयेची गरज नाही. त्याला वेळेवर भाषा, शाळा आणि बरोबरीची वागणूक हवी.

गाडी कुठे अडते

कार्यक्रम कागदावर चांगला आहे. तरी मुले का सुटतात?

पहिले, आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. निपाणी-चिकोडीकडे जन्मलेले बाळ दोन-तीन महिन्यांनी कबनूरला येते. तिथे तपासणी झाली का, निकाल काय आला, इथल्या आशाताईंना ठाऊक नसते.

दुसरे, पुन्हा बोलावलेली आई येत नाही. कांड्या भरणाऱ्या किंवा मागावर राबणाऱ्या घरात एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. पहिल्या खेपेला ‘काही नसेल, पुन्हा या’ म्हटले की दुसरी खेप होतच नाही. सगळीकडच्या तपासणी कार्यक्रमांत सर्वांत मोठी गळती इथेच होते.

तिसरे, यंत्र आणि माणूस. प्रत्येक छोट्या प्रसूतिगृहात यंत्र परवडत नाही. यावर उपाय निघालेले आहेत. कोचीनमध्ये २००३ पासून बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एकच यंत्र आणि प्रशिक्षित माणूस ठरलेल्या दिवशी अनेक रुग्णालयांत फिरवण्याची पद्धत सुरू केली. २०१७ मध्ये ‘सोहम’ नावाचे भारतीय बनावटीचे, मेंदूचा प्रतिसाद मोजणारे, बॅटरीवर चालणारे आणि भोवतालचा आवाज गाळणारे यंत्र आले. मागांच्या खडखडाटात राहणाऱ्या आपल्या भागाला यांतून शिकण्यासारखे बरेच आहे.

आपण काय करू शकतो

१. नामकरणाची नोंद घ्यायला कुटुंब विहारात आले की बौद्धाचार्यांनी एक प्रश्न विचारावा: “बाळाचा कान तपासला का?” बारसे साधारण बाराव्या दिवशी होते. महिना संपायला अजून अडीच आठवडे असतात. यापेक्षा योग्य वेळ नाही.

२. महिला मंडळाने गावातील गरोदर भगिनींची यादी आशाताईंच्या मदतीने करावी. माहेरी जाणाऱ्या भगिनीला सांगावे, तपासणीचा निकाल माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घे आणि कार्ड सोबत आण.

३. ‘रेफर’ आलेल्या बाळाच्या आईबरोबर एका कार्यकर्त्याने जावे. इचलकरंजीचे आयजीएम असो वा कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय, कोणत्या दिवशी तपासणी होते ते आधी विचारून ठेवावे, म्हणजे हेलपाटा होणार नाही. खाड्याची मजुरी मंडळाच्या निधीतून देता आली तर आणखी चांगले.

४. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामसभेत लेखी विचारावे: गेल्या वर्षी किती बाळे जन्मली, किती जणांचे कान तपासले, किती ‘रेफर’ आले, त्यांतले किती परत आले? स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, मुलाला शिकवणीला नेण्याचा प्रवासखर्च अशा गरजांसाठी त्यातून मदत मागावी.

५. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन. त्यानंतर सहा आठवड्यांनी १४ एप्रिल. जयंतीच्या खर्चातून डॉल्बीचे काही तास कमी करून त्या पैशात तपासणी शिबिर होऊ शकते. कानाच्या शिबिराला डॉल्बी कमी करणे शोभूनही दिसेल.

कबनूरपासून माणगाव फार लांब नाही. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथे राजर्षी शाहू महाराजांच्या उपस्थितीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, ३१ जानेवारीला, बाबासाहेबांनी पाक्षिक काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘मूकनायक’. ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी ते होते. पुढे २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की, आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. बाळाची पहिली काळजी हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते.

आज आपल्या वस्तीत एखादे मूल केवळ कोणी वेळेत तपासले नाही म्हणून मुके राहत असेल, तर ते निसर्गाचे काम नाही, आपले राहून गेलेले काम आहे. पुढच्या रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटे या विषयासाठी ठेवा. सहा आठवड्यांच्या आतल्या बाळांची नावे लिहा. आणि त्या घरी जाऊन विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!